आधी जू उतरवा

माझ्या सासूबाई लाकडी बैलांशी भरपूर बोलत आणि जिवंत माणसांशी कामापुरतं. जावयाला त्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी धरीत. म्हणजे माझ्याशी बोलत, पण मी काही उत्तर देईन अशी आशा न ठेवता.

अमरावतीला आता जिथं राजापेठेची वस्ती वाढली आहे, तिकडं तेव्हा निम्मी वावरं होती. त्या कडेला कवेलूचं छप्पर असलेला त्यांचा लांबलचक कारखाना होता. तिथं लाकडी खेळणी होत. भवरे, पांगुळगाडे, बाहुल्या, पण मुख्य म्हणजे बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मोठ्यांचे बैल मिरवून झाले की पोरं आपापले लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडतात. साऱ्या तालुक्याच्या पोरांचे बैल सासूबाईंच्या हातचे असत. सासरे तापानं गेले, त्यानंतर त्यांनी लाकूड तासायची वाकस हातात घेतली ती खाली ठेवलीच नाही. विधवा बाईनं वाकस धरावी का, यावर गावात बरीच चर्चा झाली म्हणतात. चर्चा संपेपर्यंत बाईंचे चारशे बैल तयार झाले होते.

रंग वाळला की प्रत्येक खेळणं त्या जिभेला लावून पाहत. लेकरू तोंडात घालणारच, मग आधी आपण घालावं, हा हिशेब. गेरू असो, हळद असो, काजळी असो, चव बिघडली की तो रंग खरवडून पुन्हा. माझ्या लग्नाच्या दिवशी त्यांची जीभ लालभडक होती. माझी अकोल्याची आत्या ते पाहून मांडवात बोलली, "विहीणबाई विडा खातात वाटते!" विधवेनं विडा खाणं म्हणजे केवढी गोष्ट. सासूबाईंनी आत्याकडे पाहिलं, कनवटीचा एक तांबडा घोडा काढला आणि आत्याच्या हातात दिला. "चाटून पाहा," म्हणाल्या. आत्यानं चाटला नाही. पण पुढची वीस वर्षं तिनं तो घोडा देवघरात ठेवला.

तयार झालेला बैल त्या खांद्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडत. पाय मोडला तर चुलीत. मी म्हणायचो, अहो, कशाला नुकसान करता? त्या म्हणत, "लेकराच्या हातून पडनारच हाये तो. तिथं मोडला तं लेकरू रडन. इथं मोडला तं तुमीच रडता." हे खरं होतं. मीच रडत असे.

मी मूळचा अकोल्याचा. घर सुतारांचं, पण मला मोडी लिहिता येई. म्हणून वडिलांनी माझ्या हाती रंधा द्यायचं टाळलं, आणि मग दुसरंही काही द्यायचं राहून गेलं. सासूबाईंना मुलगा नव्हता. त्यांना लिहिता येणारा माणूस हवा होता, मला दोन वेळची भाकरी हवी होती. असा मी घरजावई झालो. त्या मला 'जवाईबापू' म्हणत. यात 'बापू' हा शब्द किती आदराचा आणि किती उपहासाचा, हे मला पंधरा वर्षांत ठरवता आलं नाही.

तिकडे समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस थांबला आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. कुठल्या लढाईनं कुणाचं घर उजळेल सांगता येत नाही. आमचं मात्र काळवंडलं. लोकांच्या हाती पैसा खुळखुळू लागला तसे त्यांना लाकडी बैल गरिबाघरचे वाटू लागले. ज्याच्या त्याच्या पोराला पितळेचा बैल हवा, मुंबईहून आलेली चिनीमातीची बाहुली हवी. आमचे सुतार एकेक करून गाड्यांच्या कामाला गेले. कापूस वाहायला गाड्या हव्या होत्या. आगगाडीचे रूळ अकोल्याच्या दिशेनं येत होते, त्यांना लाकूड हवं होतं. मेळघाटातलं सालईचं लाकूडसुद्धा, जे आधी कुणी फुकट नेत नव्हतं, महाग झालं. शेवटी कारखान्यात तिघंच उरलो. सासूबाई, लाकूड खरादावर कातणारे एक म्हातारे खरादी चाचा, ज्यांना दुसरीकडे कुणी घेतलं नसतं, आणि मी, ज्याला चाचांच्याही आधी कुणी घेतलं नसतं.

अशा वेळी मला कल्पना सुचली. सांगायला संकोच वाटतो, पण घरातल्या पोरांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. साऱ्या मुलखात कापसाच्या गाड्यांची धूम होती. मी म्हटलं, सुटा बैल कशाला? बैलांची जोडी करू, मागे गाडी लावू, गाडीत खराखुरा कापूस भरू. पोरं नुसती तुटून पडतील. सासूबाईंनी माझं बोलणं ऐकलं, हातातली पटाशी थांबवली आणि एकच शब्द विचारला.

"जू?"

"हो तर," मी म्हटलं, "सुरेख जू करू. खुंट्या मारून पक्कं बसवू. वर रोगण." आणि मग मी जुवाच्या लांबी-रुंदीवर बराच वेळ बोललो.

"तुमी शिकलेले," त्या म्हणाल्या. "करा."

याला मी कौतुक समजलो. आषाढ-श्रावण आम्ही तेच केलं. चाचा खरादावर चाकं कातत होते, मी कापूस भरत होतो. कारखाना गाड्यांनी भरून गेला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मी दुकान मांडलं आणि हात बांधून उभा राहिलो. लोक येत, पाहत. पुढे जात. एकानंही भाव विचारला नाही. दुपारी एक म्हातारा शेतकरी नातवाला घेऊन आला. त्यानं एक जोडी उचलली, जुवावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवली.

"काहो," तो मला म्हणाला, "आजच्या दिवशीबी जुपला काय त्याले?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळून शेकतात, कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सणाच्या या दिवसांत बैलाच्या मानेवर जू ठेवणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला ओझं उचलायला लावणं. हे वऱ्हाडातलं दूधपितं पोर जाणतं. मला मोडी येत होती.

संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही सांगायचं तरी."

"म्यां इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "'जू?' म्हटलं होतं."

दिवाळीनंतर अडत्या आला. कापसाची मोठी अडत होती त्याची, गाडीतळाला लागूनच. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला जागा हवी होती. रुई ठेवायला जागा पुरत नव्हती. तो म्हणाला, "माय, हा माल तुमच्या जन्मात खपत नाई. जागा मले द्या. चाचाले मी पहाऱ्यावर ठेवतो, जवाईबापूले मुनीम करतो." सासूबाई भरलेल्या कारखान्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चैताच्या पाडव्यापर्यंत थांबा. हे बैल पाडव्याले इथंच असले तं जागा तुमची. खराद, पटाश्या, साऱ्या चुलीत घालीन."

खोटं कशाला बोलू, मी त्याच आठवड्यात मुनिमाला शोभेल अशी पगडी बांधून घेतली. चाचांनी तिला हात लावून पाहिला. "कपडा अच्छा है जवाईबापू," ते म्हणाले. "लाख पुसाले कामी येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीच्या आवाजानं मी जागा झालो. सासूबाई जू कापत होत्या. एकेक जोडी मांडीवर घेत, जू कापून काढत, गाडी बाजूला टाकत. बैल मोकळे झाले, पण प्रत्येकाच्या मानेजवळ खुंटीचं भोक आणि खरवडल्याची खूण राहिली. मी म्हटलं, "लाख भरून बुजवू. दिसायचंही नाही."

"काहून बुजवाचं?" त्या म्हणाल्या. "चला माह्यासंग."

गाडीतळावर नांदगावच्या, तिवशाच्या, लांबलांबच्या गाड्या कापूस तोलायच्या काट्याच्या रांगेत उभ्या होत्या. रांग दिवसदिवस चाले. बैल जुपलेलेच, कारण ज्यानं सोडले त्याला मागचा ओलांडून पुढे जाई. मी तिथून शंभर वेळा गेलो असेन. मला कापूस दिसे, भाव ऐकू येई. सासूबाई रांगेच्या टोकापासून चालू लागल्या. प्रत्येक बैलापाशी थांबून जुवाच्या कडेला दोन बोटं ठेवीत. तिथं कातडं गेलेलं असे. काही ठिकाणी मांस दिसत होतं, माश्या बसल्या होत्या. एकाही बैलानं शिंग उगारलं नाही. रांग संपली तेव्हा त्यांची बोटं ओली होती. त्या माझ्याकडे वळल्या. त्यांनी पदराला बोटं पुसली आणि घरी चालू लागल्या.

त्या दिवसापासून लाकडी बैलाच्या मानेवरची खूण बुजवायची नाही, तिच्यावर हळद भरायची, असं ठरलं. पिवळ्या खांद्याचे बैल घेऊन सासूबाई गाडीतळावर फडकं पसरून बसल्या. अट एकच. "आधी जू उतरवा, मंग बैल घ्या."

गाडीवाल्यांना मोठी मौज वाटली.

"माय, बैल इकून राहिली का कीर्तन करून राहिली?"

"मावशे, माह्या बायकोले सांग ना, तिनं माह्यावरचं जू उतरवलं तं तुहे सारेच्या सारे बैल घेतो!"

"तुह्या बायकोले इचारून पाहीन, कोनाच्या मानेवर हाये ते," सासूबाई म्हणाल्या. पण बैल दिला नाही.

जू उतरवायचं म्हणजे रांगेतली बारी जाणार, एक दिवस वाया जाणार. कोण उतरवतो? आठ दिवस एकही बैल विकला गेला नाही. मी लिंबाखाली उभा राहत असे, अशा बेतानं की पाहणाऱ्याला मी त्यांच्याबरोबर आहे असंही वाटू नये आणि त्यांनी हाक मारली तर ऐकूही यावं.

नवव्या दिवशी नांदगाव खंडेश्वराकडचा एक गाडीवान आला. पस्तिशीचा असेल. फडक्यापुढे उकिडवा बसला.

"माय, एक बैल पाह्यजे."

"जू उतरव."

तो उठला आणि त्यानं जू उतरवलं. मागचा ओरडला, "अबे, बारी जाईन तुही!"

"जाऊ दे," तो म्हणाला आणि परत येऊन बसला.

"एकच काहून?" सासूबाईंनी विचारलं. "जोडी घे."

"एकच मेला माय. बडनेऱ्याच्या अलीकडे बसला, तो उठलाच नाई. हा दुसरा सोयऱ्याचा मागून आनला." तो बैलांवरून नजर फिरवत होता. "घरी पोट्टी हाये सात वर्साची. तिच्याच हातून पेंड खाये तो. तिले काय सांगू? म्हटलं, त्याच्यासारखा एखांदा भेटला तं..."

"कसा होता?"

"कसा म्हंजे... पांढरा."

"पांढरे तं सारेच. शिंगं?"

"होते ना."

भोवती जमलेले हसले. कुणीतरी म्हणालं, "किती होते रे? दोन?"

"कोन्या अंगाले वाकलेले?" सासूबाईंनी विचारलं.

त्यानं मागं वळून आपल्या उरलेल्या बैलाकडे पाहिलं. "सहा वर्सं मीच जुपला माय त्याले," तो म्हणाला. "रोज. पन मले सांगता येऊन नाई राह्यलं."

मग कोणी हसलं नाही. प्रत्येक जण आपापल्या बैलाकडे चोरून पाहत होता. मला वाटतं, आपल्याला तरी सांगता येईल का, ते तपासत असावेत.

सासूबाईंनी सालईचा एक ओबडधोबड ओंडका त्याच्या मांडीवर ठेवला. "डोये मिट," त्या म्हणाल्या. "पोयाच्या आदल्या दिवशी खांद शेकतं ना, तसा हात फिरव."

त्यानं डोळे मिटले. आधी हात नुसतेच लाकडावर पडून राहिले. मग उजवा हात हळूहळू वर सरकला, वशिंडाच्या उंचीवर हवेत थांबला, अंगठा मागच्या खळग्यात उतरला. डावा हात पुढे गेला आणि जिथं शिंग असायला हवं तिथल्या रिकाम्या हवेत बोटं वळली. डावं शिंग खाली डोळ्याकडे झुकलेलं होतं. त्याच्या हातांना सारं ठाऊक होतं. सासूबाई हात जाईल तिथं कोळशानं खूण करत होत्या. "इथं?" "खाली. आनखीन खाली. हां."

चाचा आणि सासूबाई तिथंच बसून कोरू लागले. दुपार टळली तरी माणसं हलली नाहीत. शेवटी सासूबाईंनी हळद घेऊन बैलाच्या उजव्या खांद्यावर बोट टेकवलं, तसा तो म्हणाला, "उजवा नाई माय. डावा."

"पक्कं?"

"हात लावला की डाव्या अंगानं दचके तो." त्यानं लाकडाच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. "मले वाटे, माशी बसली असंन."

सासूबाईंनी उजवी हळद पुसली आणि डावीकडे भरली. त्यानं बैल धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेतला. पैसे देऊ लागला, तेही त्यांनी घेतले, नेहमीइतकेच. मला ते तेव्हा जरा कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, न घेतले असते तर त्याला तो बैल नेता आला नसता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळावर गेलो तेव्हा चार गाड्यांचे बैल सुटलेले होते. आठवडा गेला आणि गाडीवाल्यांनी आपसात ठरवलं: गाडी रांगेत राहील, बैल झाडाखाली बांधायचे, रांग सरकली की चौघांनी मिळून गाडी हातानं ढकलायची, कोणी कोणाला ओलांडायचं नाही. फडक्यापुढे माणसं डोळे मिटून बसू लागली. कुणाला मेलेला बैल हवा असे, कुणाला घरी असलेला, पोराला दाखवायला. पितळेचा बैल साऱ्या गावात एकसारखाच. हा ज्याचा त्याचा. जे आधी वर्षातून एका दिवशी खपत असे ते दिवाळीपासून शिमग्यापर्यंत खपू लागलं. माझ्या गाड्यांतून सुटलेले बैल, ज्याच्या त्याच्या खुणेप्रमाणे शिंग-कान तासून, महिन्याभरात संपले. गेलेल्या सुतारांतले दोघे परत आले. मी लिंबाखालून निघून फडक्याजवळ कधी येऊन बसलो, ते मलाच कळलं नाही. गाडीवान सांगत तसं मोडीत टिपून ठेवण्याचं काम मला मिळालं: 'कान फाटका. उजव्या पायावर पांढरा टिळा. पाण्याला भितो.' भितो हे लाकडात कसं काढायचं? पण सासूबाई म्हणत, "लिहा. मले पाह्यजे."

पाडव्याला अडत्या कुलूप घेऊन आला. दार उघडून पाहतो तर कारखाना रिकामा. त्याचा चेहरा खुलला. "माय, शब्दाची पक्की. जागा खाली केली."

"खाली नाई केली," सासूबाई म्हणाल्या. "इकून सरले. लाकडाची गाडी येऊन राह्यली."

अडत्या बराच वेळ कुलूप या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "तुमी माही रांग बिघडवली. पह्यले दिवसातून किती गाड्या काट्यावर येत!"

"बैल मेल्यावर किती येतीन?" त्या म्हणाल्या.

त्यानं कुलूप बगलेत मारलं. माझ्याकडे पाहून "पगडी चांगली हाये," एवढंच म्हणाला आणि गेला. तो शब्दाचा खरा होता, पुन्हा जागेचं नाव काढलं नाही.

त्या दुपारी आम्ही दोघंच रिकाम्या कारखान्यात होतो. त्या जमिनीवरचा भुसा झाडत होत्या. माझ्या मनात कधीपासून एक प्रश्न होता, तो मी विचारला. गाड्या करायचं काम साऱ्या अमरावतीत चाललं होतं, त्यात पैसा होता, आमचे सुतार त्यातच गेले. मग आपण गाड्याच का केल्या नाहीत?

त्या झाडत राहिल्या. 

"केल्या ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासऱ्यानं केल्या. मांगं एकदा भाव चढला होता त्या वर्सी, तुमी नवते तवा. सागाची लाकडं खांद्यावरून आनत, दिवसभर चाकं करत. म्या भाकर घेऊन येये अन् जाये. लोक म्हनत, ताप आला म्हून गेले." खराट्याचा आवाज थांबला. "शेवटल्या दिवशी बंडी काढली म्यां त्याइची. खांदा पाह्यला. सारा पिकला होता. बावीस वर्सं संसार केला जवाईबापू, अन् मले ठावं नवतं. नांदगावच्या मानसाले हसले ना सारे? मले हसू आलं नाई."

मी बोलेन अशी वाट त्यांनी पाहिली नाही. भुसा सुपात भरला आणि बाहेर नेऊन टाकला.

मी घरात गेलो. बायको दळत बसली होती. चार माणसांचं दळण ती रोज दळायची आणि मी रोज त्या आवाजात दुपारची झोप घ्यायचो. मी तिच्या समोर जाऊन बसलो.

"काय पाहून राह्यले?" तिनं विचारलं.

"हात दाखव," मी म्हटलं.

"काहून?"

मला सांगता येईना. तिनं जात्यावरून हात उचलले आणि तळवे माझ्यापुढे धरले. खुंट्याच्या जागी घट्टे पडले होते. मग मी जात्याचा खुंटा धरला आणि तिला म्हटलं, सरक. मला दळता येत नव्हतं. पीठ इतकं जाड आलं की दोन दिवस भाकरी तव्यावरच फुटत होत्या. घरात साऱ्यांनी ते तुकडे कुस्करून खाल्ले.